फोन मी उचलला होता

ठाकुर्ली,
९ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. वहिनींनाही सांग. घरी सगळे बरे असाल. इथे आम्ही ठीक. सान्वीची दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आलीय. योगिनीने ब्लाउज शिवायची कामं वाढवलीत. मी आता वागळे इस्टेटच्या कारखान्यात जात नाही, माझ्या लेथ मशीनवर दुसरा माणूस घेतलाय.

पत्र बघून चक्रावशील. आई गेली तेव्हा आला नाही, गणपतीला आला नाही, आणि आता फोन सोडून कागद कसला खरडतोय?

दादा, मला बोलता येत नाही. ऑगस्टमध्ये घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता. स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आहे, त्यातूनच श्वास घेतो. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टर म्हणतात. गावी कळता कामा नये म्हणून योगिनीला मीच शपथ घातली होती. आई अंथरुणावर, तिच्या जिवाला आणखी घोर कशाला? मग आई गेली, आणि सांगायला तोंड राहिलं नाही.

घरी आल्यावर मी कोणाला भेटेना, धड जेवेना. तेव्हा हॉस्पिटलातल्या समुपदेशक क्रिस्टल मॅडमनी दर बुधवारी व्हिडिओ कॉल सुरू केला. त्या उत्तनच्या, घरूनच बोलतात, मागे कोंबडा आरवत असतो. त्या बोलतात, मी टाइप करतो. दीड महिना मी एकच लिहायचो, 'बरा आहे.' त्या म्हणायच्या, "बरं. मग आज काय जेवलात, ते तरी लिहा."

काल त्यांनी विचारलं, "काका, फोन वाजला की तुम्ही उठून बाहेर जाता म्हणे. का?"

त्यांना लिहिलं तेच तुला लिहितो.

ऑपरेशनला आठ दिवस झालेले. योगिनी औषधं आणायला खाली गेलेली. तुझं नाव दिसलं आणि फोन मी उचलला. तू तो आईच्या कानाला लावलास. ती म्हणाली, "सहदेवा, रागावलास काय रे?" मी जोर लावला, नुसती हवा गेली. नखाने फोनवर टकटक केलं. ती परत म्हणाली, "बोल रे बाळा." मग तुझा आवाज आला, "उचललाय, पण बोलत नाही मेला."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

मे महिन्यात तिला इकडे आणण्यावरून वाजलं ते तुझं-माझं. तिच्यावर मी कधी रागावलो नाही रे.

वाचून मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "हे मला पुसता येणार नाही, काका. पण ज्यांनी फोन धरला होता, त्यांना अजून काहीच माहीत नाही."

प्रवास करायला डॉक्टरांची हरकत नाही. शिमग्याला यावं म्हणतो, तू योगिनीकडे निरोप दिलास तर. एसटी थांबते तिथे उभा राहा आणि लांबून हाक मार. माझी ओ तुला ऐकू येणार नाही. तरी मार.

तुझा धाकटा,
सहदेव