पांढरीवरचं पाणी

प्रिय अंबिका,

फोनवर मी गडबडतो, म्हणून लिहून फोटो पाठवतोय. वाळूजला कंपनीत जाण्याआधी वाच.

इथं नाथसागराच्या काठावर आमचं बंदर आता बंदरासारखं दिसायला लागलंय. धक्का पुरा झाला, क्रेन आली. सोमवारी पहिली बार्ज वैजापूरचा कांदा भरून पैठणच्या अंगाला निघेल. माझं काम तुला ठाऊक आहे. होडीतून लोखंडी वजनाची दोरी सोडून पाण्याची खोली मोजायची, वहीत लिहायची आणि बार्जच्या वाटेवर निशाणं लावायची. होडी सांडूभाऊंची. मी एकेक आकडा दोनदा तपासतो म्हणून ते हसतात, "नववीत शाळा सोडलीस पर वही तलाठ्यावानी ठेवतोस रं!" सोमवारी बार्जही तेच चालवणार आहेत, माझ्या निशाणांवर भरवसा ठेवून.

वाटेत बुडालेल्या जुन्या गावाची पांढरी, म्हणजे घरांची जागा आहे, पाण्याखाली देवीचं देऊळ आहे. तिथं सांडूभाऊ चपला काढतात, नारळ सोडतात. मी दोरी उचलली तर त्यांनी माझा हात धरला. "देवीच्या डोक्यावर लोखंड टाकायचं नाय." मी दोरी गुंडाळून ठेवली. अलीकडं-पलीकडं नऊ फूट होतं, म्हणून मधल्या पाच रकान्यांत मी नऊच लिहिलं आणि खाली सही केली. गाव उंचवट्यावर वसलेलं असतं, एवढंही सुचलं नाही.

महिनाभर ते पाच रकाने डोक्यातून जाईनात. काल एकटाच गेलो, देवीची माफी मागून हळूच बांबू उतरवला. साडेचार फूट! भरलेल्या बार्जला सहा लागतं. खाली दगडी देऊळ आणि वर बार्जवर सहा माणसं.

सांडूभाऊंना सांगितलं तर ते आधी घाबरले, मग म्हणाले, "गप ऱ्हा. मी जरा कडंनं काढतो. नोकरी गेली तर मामा पोरगी देतील व्हय तुला?"

तेच खरं आहे, अंबिका. मामांनी आपली सुपारी फोडली ती बंदरातल्या नोकरीकडं बघून. उद्या मी बंदराच्या साहेबांना वहीतले ते पाच आकडे दाखवून ते खोटे आहेत हे सांगणार आहे. नोकरी बहुतेक राहणार नाही. मामांना काय सांगायचं ते तू ठरव, पण हे तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. तुझं उत्तर काहीही येवो, सकाळी सातला मी पांढरीवरची ती निशाणं उपटायला निघालेलो असेन.

तुझाच,
शिवशंकर