सोजरला मोहोळला नेलंय

रामहरी,

भाकरी दुरडीत आहे, शेंगाची चटणी फळीवर. सोजरला मी माझ्या घरी मोहोळला नेते आहे. शेजारी विचारतील, तर सांग, आत्याच्या म्हशीला शिंगांसकट रेडकू झालंय, ते बघायला गेल्या.

ही थाप लोकांसाठी. तुला खरं सांगते. सकाळी तुमची खोली झाडताना फुटक्या बांगड्या सापडल्या. सोजरला विचारलं, तेव्हा सगळं कळलं. पोरीनं ‘नको’ म्हटलं होतं की रे! ‘लग्नाची बायको हाय’ हे मला ऐकवू नकोस. अक्षता पडल्या म्हणून तिचं ‘नको’ संपत नाही. लहानपणी तुला सांगायची त्या गोष्टीतला मुंजासुद्धा विचारल्याबिगर उंबरा ओलांडत नव्हता.

रविवारी ये, पण तिला विचारायला ये. नाही म्हणाली, तर जेवून एकटा परत जायचं. ही मात्र थाप नाही.

बजाआत्या