ब्रदर वेंडेलिन आमच्याकडे राहायला आले

प्रिय आईस,

आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझा खोकला थांबला का?

मंगळवारी इथल्या मठाला कुलूप लागलं. शेवटचे साधू ब्रदर वेंडेलिन यांना शहरातल्या वृद्धाश्रमात न्यायला गाडी आली. ते बसले आणि लगेच उतरले. म्हणाले, "मठातले माझे अकरा भाऊ इथल्या मातीत आहेत. मी नाही येत."

"मग राहणार कुठे, आजोबा?" ड्रायव्हरनं विचारलं. मीच म्हणाले, "आमच्याकडे."

तुझ्यासाठी रंगवलेली खोली त्यांना दिली. रागावू नकोस. तू ये, मी स्वयंपाकघरात झोपेन.

तुझा जावई लँबर्ट तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. पण आज सकाळी म्हाताऱ्याला चढता यावं म्हणून तो मागच्या दाराला बुटकी पायरी ठोकत होता.

तुझीच,
ओटिली