मंत्रिमहोदयांची कांदेतुला

नाशिक, १० नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप सहादूदादा यांना धाकट्या उज्वलाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल, भिमावहिनींचा दमा ताब्यात असेल आणि सगळं देवळा गाव आमच्यावर पोट धरून हसत असेल, असं धरून चालते. आम्ही इकडे सुखरूप आहोत. म्हणजे तुमचे मेहुणे आता राज्यमंत्री राहिलेले नाहीत, बाकी तब्येत उत्तम.

पेपरात आलं ते अर्धंच, म्हणून सविस्तर लिहिते. यांना पुरवठा खातं मिळून अकरा महिने झाले होते. (पुरवठा म्हणजे नेमका कशाचा, हे यांनी पहिल्या आठवड्यात मलाच विचारलं होतं.) तेवढ्यात यांनी सत्तावीस सत्कार घेतले आणि कांदा चाळीस रुपये किलोवर गेला. लोक ओरडायला लागले, तेव्हा यांनी सकाळी पत्रकार बोलावून छातीठोकपणे सांगितलं, की जिल्ह्यात एकाही व्यापाऱ्याकडे कांद्याचा साठा नाही, मी स्वतः पाहणी केली आहे. (पाहणी गाडीत बसून झाली. काचा वर होत्या.)

इथवर निभावलं असतं. पण त्याच संध्याकाळी यांच्या पन्नाशीचा सत्कार होता, आणि यांचे परमभक्त, लासलगावकडचे कांद्याचे व्यापारी भिकनशेठ, त्यांना साहेबांची तुला करायची हौस आली. गूळतुला, पेढेतुला कोणाचीही होते, म्हणून कांदेतुला! मी म्हटलं, अहो, लोकांच्या ताटात कांद्याची फोड नाही आणि तुम्ही कांद्यात बसणार? तर म्हणे, हा शेतकऱ्याच्या घामाचा मान आहे. शेतकऱ्याने आपला कांदा कधीच मातीमोल विकून टाकलाय, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

मंगल कार्यालयात भला मोठा तराजू टांगला. एका पारड्यात हे मांडी घालून, गळ्यात हार, डोळे मिटलेले. दुसऱ्या पारड्यात एक गोणी ठेवली, दुसरी ठेवली, तरी पारडं हलेना. (मंत्रिपदाने माणूस किती मोठा होतो, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.) आणलेल्या गोण्या संपल्या. लोक खुसुखुसू हसायला लागले. यांनी एक पाय खाली सोडला, तेव्हा भिकनशेठ भक्तीच्या भरात माईकवरच ओरडले, “साहेब, उतरू नका! माझ्या गोदामात अजून चार टरक माल पडेल हाय!”

सकाळचेच पत्रकार पुढच्या रांगेत बसले होते. हे मात्र टाळ्यांची वाट बघत हात जोडून राहिले. फोटोत तसेच आलेत.

पुढचं भराभर झालं. विरोधकांनी गळ्यात कांद्याच्या माळा घालून मोर्चा काढला. यांनी मुंबईला जाऊन नैतिक जबाबदारी स्वीकारली आणि राजीनामा दिला. तो नामंजूर होईल, या खात्रीने दिला. मुख्यमंत्र्यांनी चहा यायच्या आत मंजूर केला. (चहा आलाच नाही, असं हे म्हणतात.) चौथ्या दिवशी दोघं जण येऊन गाडीवरचा लाल दिवा काढून घेऊन गेले. हे खिडकीत उभे राहून बघत होते. दादा, खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. त्या दिव्यापायी या माणसाने ना पोरांची शाळा पाहिली, ना माझी दुखणी. आता दिवसभर घरी असतात. लसूण सोलतात, दळण आणतात आणि आमटीत मीठ किती घालायचं ते मला सांगतात.

या घरात आता राजकारणाचं नावही काढायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं आहे. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची,
उज्वला

ता. क. काल पक्षाचे जिल्हाध्यक्ष येऊन गेले. यांना वाटलं, आपली समजूत काढायला आले. हे चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात ते मला म्हणाले, की साहेबांचं आता अवघड आहे, पण वहिनी, तुमच्याबद्दल लोकांना सहानुभूती आहे, येत्या विधानसभेला तिकीट तुम्ही घ्या. मी नाही म्हणणारच होते, पण हे चहा घेऊन आले.

आणखी एक. अर्ज भरायच्या दिवशी देवळ्याहून किती ट्रॅक्टर माणसं येतील, ते उलट टपाली कळवा. जेवणाचं मी बघते. यांना अजून काही सांगितलेलं नाही.

राहिलंच. पक्षाच्या कागदावर ‘पतीचा व्यवसाय’ असा रकाना आहे, आणि तो कोरा ठेवून चालत नाही म्हणतात. मी तूर्त पेन्सिलीने ‘घरकाम’ लिहिलंय.