दसऱ्याचा एंटर

१८ ऑक्टोबर १९९९, खंडेनवमी

सगळी मशीनं बंद! माधवनगरच्या या गिरणीत एवढी शांतता पहिल्यांदाच ऐकली. माग पुसले, हार घातले. ऑफिसातले कॉम्प्युटरही सुटले नाहीत — कीबोर्डवर हळद-कुंकू! कॉम्प्युटरचे देवदत्त सर ओरडले, "अहो, बटणांच्या फटीत जातंय!" गोदामाचे नानासो ऐकतात होय? उलट मलाच, "कंप्युटरबाई, तुमी न्हाई व्हय लावत कुकू?" छप्पन्न सालच्या दीक्षेपासून आमच्या घरात नाही लावत, हे काय त्यांना माहीत नाही! टोमण्याशिवाय दिवस जात नाही या माणसाचा.

सर म्हणाले, "राहू द्या हो तिला." किती बरं वाटलं. आमचे कॉम्प्युटर ज्यावर चालतात त्या लिनक्सचं नावसुद्धा मी इथं येऊन ऐकलं. तीन वेळा विचारलं तरी सर चौथ्यांदा न चिडता सांगतात. दिवाळीपर्यंत माझी नोकरी कच्ची. पक्की झाली तर ती सरांमुळेच.

१९ ऑक्टोबर, दसरा

सकाळी विहारात वंदना. पांढरी साडी नेसून तशीच अकराला ऑफिसात. मुहूर्त होऊन गेला होता. यंदा मालकांनी, म्हणजे आप्पासोंनी, वेब सर्व्हरसुद्धा स्वतःच्या हातानं सुरू केला म्हणे! नानासो सांगत होते, "सरांनी कायतरी टाइप केलं, आप्पासोंनी एंटर मारला, आमी नारळ फोडला." आप्पासोंनी मला सोनं दिलं. मीही दिलं.

शुक्रवारी साताऱ्याला आपल्या दुकानाचं उद्घाटन. पाहुण्यांसमोर तिथून फोन लावायचा, मोडेममधून आमचा सर्व्हर गाठायचा, आणि गोदामात कुठलं कापड किती आहे ते तिथल्या पडद्यावर दाखवायचं — आप्पासोंची हौस! सातारचं नाव सर्व्हरवर चढवायचं काम सर माझ्यावर सोपवून बहिणीकडे पाचगणीला गेले. केवढा विश्वास!

२० ऑक्टोबर

सातारचं नाव घातलं. आता वेब सर्व्हर बंद करून परत सुरू करायचा, की झालं. माझं रोजचं काम. आणि आज — परमिशन डिनाइड! बंदच होईना. दहा वेळा केलं. तेच.

आप्पासोंच्या केबिनमधून सरांना फोन लावला. "तू काही हलवलंस का?" नाही म्हटलं. "मग आता हात लावू नकोस. मी सोमवारी येऊन बघतो. आप्पासोंना दे." किती शांतपणे बोलले! मी बाहेर आले. आत आप्पासो आणि कापडाचे नमुने घेऊन आलेले नानासो.

दुपारी मागावरच्या बायकांत कुजबुज — "ती पुजंला न्हवती, म्हून मशीन रुसलं." ऑफिसातनं आलं म्हणे. दुसरं कोण असणार? हातभर लांब जीभ एकाचीच आहे. बाथरूममध्ये जाऊन रडले. नोकरी गेली तर उंब्रजला आईला काय सांगू? मुलगी पूजेला उभी राहिली नाही म्हणून घरी आली?

२१ ऑक्टोबर

हात लावू नको म्हणाले होते, बघू नको नव्हते म्हणाले. फाईलींची यादी काढली. एरवी प्रत्येकीपुढे माझ्या लॉगिनचं नाव असतं. आज सर्व्हर ज्यात आपल्या नोंदी लिहितो त्या लॉगच्या फाईलपुढे — रूट! रूट म्हणजे मशीनचा मालक, त्याचा पासवर्ड फक्त सरांकडे. तारीख दसऱ्याची, वेळ पावणेदहा. मी तेव्हा विहारात होते.

एकदम उजेड पडला. मुहूर्त मालकाच्या हातचा, म्हणून सर रूटनं आत शिरले असणार आणि आप्पासोंनी एंटर मारला. जो सुरू करतो त्याच्या मालकीचा प्रोग्राम. तो माझं कशाला ऐकेल?

पण हे आप्पासोंना सांगायचं कसं? विघ्न तुमच्याच हातचं आहे म्हणून?  तरी गेले. सांगितलं.

 आप्पासो असे हसले की टेबल हललं! "आमची मंडळी म्हनतीच, तुमचा हात लय जड हाय!" मग हसू थांबवून, "आनि दुरुस्त करताना कायमचं बंद पडलं तर?"

"तर मी घरी जाते." बोलून गेले खरी!

"जा. कर."

तीन बटणं एकदम दाबून अख्खं मशीनच बंद-चालू केलं. रूटनं सुरू केलेला प्रोग्राम त्यात संपला. वेब सर्व्हर सुरू करायला गेले — पुन्हा परमिशन डिनाइड! आप्पासो मागे उभे.  प्रोग्राम गेला, पण त्याची लॉगची फाईल रूटच्याच नावावर. तिच्यात मला लिहिता येत नव्हतं. मग सरांनी श्रावणात शिकवलेलं आठवलं — फाईल दुसऱ्याची असली तरी ती ठेवलेली डिरेक्टरी आपली असेल तर फाईलचं नाव बदलता येतं. नाव बदलून जुनी फाईल बाजूला केली. पुन्हा एंटर.

काहीच आलं नाही पडद्यावर. लिनक्स काही बोललं नाही म्हणजे झालं! या वेळी लॉगची फाईल माझ्या नावाची.

सर, तुम्ही इथं नसतानाही तुम्हीच वाचवलंत मला.

२२ ऑक्टोबर

साताऱ्याहून आप्पासोंचा फोन, कानठळ्या बसतील असा — "दिसतंय गं पोरी, दिसतंय! हिरवं पॉपलीन, साठ तागं!" मागे टाळ्या. मी इकडे एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी परत आल्यावर म्हणाले, "दिवाळीपास्नं पक्की." उंब्रजला शेजाऱ्यांकडे फोन केला. आई रडली. आज कुणाकुणाचे आभार मानू?

२५ ऑक्टोबर

सर आले. पेढे पहिल्यांदा सरांना. खाली वाकून नमस्कार केला. "छान," म्हणाले, आणि पडद्याकडेच बघत बसले. नानासोंना सगळ्यांत शेवटी दिले. मुद्दाम.

२६ ऑक्टोबर

माझ्या नोकरीच्या कागदावर सही करता करता आप्पासो म्हणाले, "तुझं सर काय म्हनलं हुतं फोनवर, ठावं हाय? पोरगी पुजंला न्हवती, तिनंच कायतरी हलवलं असंल, दुसरी बघा. स्पीकर लावल्याला. दारातल्या शिपायानं ऐकलं, न् मागापातुर गेलं बोलनं. मी काढनारच हुतो तुला. नानासो आडवा आला. म्हनला, आप्पासो, एंटर तुमी मारला, ती तवा हितं हुती कुटं? आदी तिला इचारा, मग काडा."

तशीच गोदामात गेले. नानासो तागे मोजत होते. "का वं, कंप्युटरबाई, आज हिकडं?"

मी खाली वाकून नमस्कार केला.