इस्त्री केलेल्या पट्ट्या

मंगळवार, संध्याकाळ. खांदा कॉलनी

उलव्याच्या शाळेच्या मैदानावर ताणून बसवायच्या छताचं कापड घेऊन ठेकेदार आज लॅबमध्ये आला. ओढून तपासायच्या पट्ट्या चक्क इस्त्री करून आणलेल्या. प्लास्टिकचा थर दिलेलं कापड, उष्णतेने तो थर बिघडतो, आणि हा त्यावर इस्त्री फिरवतो. का, तर मॅडमना बरं दिसावं. मशीनला दिसण्याशी काय घेणंदेणं?

"जोडाची पट्टी कुठाय?" मी विचारलं. छत फाटतं ते दोन पट्टे जिथे तापवून चिकटवतात तिथेच.

"जोड आमचा पक्का असतो, मॅडम. त्यात काय तपासायचं हाय?"

त्याला तसाच परत पाठवायला हवा होता. पण आमचे साहेब म्हणाले, आहे ते ओढून बघा, त्याला उद्या रिपोर्ट हवाय. ओढलं. इस्त्री केलेलं कापड पास झालं. रिपोर्टखाली नेहमीचं वाक्य टाकलं, 'निष्कर्ष फक्त दिलेल्या नमुन्यापुरते', आणि सही केली. जोडाबद्दल एक अक्षर नाही.

घरी येईपर्यंत त्याला मनात मूर्ख म्हणत होते. मूर्ख कसला? त्याला इस्त्री केलेला कागद हवा होता. तो मीच करून दिला.