अकरा कॅसेटची कादंबरी

चामराजपेट, बेंगळूर
ऑगस्ट १९९६

अण्णा,

सरकारी वाचनालयात आता आम्हा न दिसणाऱ्यांसाठी वेगळी खोली झालीय. तू मला वाचून दाखवलेली ती कन्नड कादंबरीच मी पहिल्यांदा मागितली. तू ती चार संध्याकाळींत संपवली होतीस. तिथे ती अकरा कॅसेटची निघाली.

तू पानंच्या पानं गाळली होतीस. तेव्हा राग नाही आला. दुकानातून दमून यायचास, त्यात आंधळ्या बहिणीला वाचून दाखवायचं. सरी, चालायचंच, म्हटलं.

पण मग आईची पत्रं आठवली. शेवटचे चार महिने ती आनेकलला मावशीकडे होती, तिथून मला लिहायची. तू प्रत्येक पत्र दोन वाक्यांत वाचलंस. "बरी आहे. काळजी करू नको."

परवा ती पत्रं मी वाचनालयात नेली. भार्गवी म्हणून पुण्याची एक मुलगी शनिवारी आम्हाला वाचून दाखवायला येते. शेवटच्या पत्रात ती मध्येच थांबली. मी म्हटलं, एक अक्षर गाळू नकोस.

"मथुरा, किती पत्रांत बोलावलं तुला. माझ्यावर रागावलीस का?"

आनेकलला बसने दीड तास लागतो, अण्णा.

हे मी ब्रेलमध्ये टोचून लिहितेय. तुला ते वाचता येणार नाही आणि मी देणारही नाही. पण कागद दिसला की काय लिहिलंयस म्हणून विचारशीलच. तेव्हा दोन वाक्यांत वाचून दाखवीन.

बरी आहे. काळजी करू नको.

बहीण,
मथुरा